इस्लामी खगोलशास्त्राचं हाताळून बघायचं प्रदर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, ग्रंथालयं आणि मोहल्ल्यांतून हे फिरतं प्रदर्शन मांडताना आणि नंतर फोनवर-मेलवर तेच-तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखादं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इस्लामी खगोलशास्त्र म्हणजे नेमकं काय? कुराणातलं विज्ञान का?

नाही. आठव्या ते साधारण अठराव्या शतकात, स्पेनपासून हिंदुस्थानापर्यंत, मुख्यतः अरबी आणि फारसीत जे खगोलशास्त्र लिहिलं, मोजलं आणि शिकवलं गेलं, ते. त्याचा पाया ग्रीक टॉलेमीचा आणि भारतीय सिद्धान्तग्रंथांचा. खलिफा अल-मन्सूरच्या बगदादेत ७७० च्या दशकातच भारतीय ग्रहगणित पोचलं होतं. काम करणारे सगळे मुसलमान होते असंही नाही: साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबी (ग्रह-तारे पूजणाऱ्या पंथाचा), माशाअल्लाह ज्यू.

धर्माचा वाटा आहे, पण तो प्रश्न विचारण्यात. नमाज किती वाजता, तोंड कुठे करून, महिना कधी सुरू? उत्तरं शोधली गेली ती त्रिकोणमितीने आणि आकाशाचे वेध घेऊन.

२. म्हणजे हा धर्मप्रचार नाही ना? आमच्या शाळेत पालक विचारतील.

नाही. तुम्ही दोरी ताणता, सावली मोजता, आकडा लिहिता. त्यात कुणी काही मानावं लागत नाही. पालकांना बोलवा, त्यांच्याच हातात दोरी द्या. शंका बहुतेक तिथेच संपते.

३. एवढा खटाटोप कशाला? पोस्टर आणि व्याख्यान पुरणार नाही का?

अल-बत्तानीने वर्षाची लांबी ३६५ दिवस ५ तास ४६ मिनिटं २४ सेकंद काढली, असं पोस्टरवर लिहिलं की माणूस ‘वा!’ म्हणतो आणि पुढच्या पोस्टरकडे वळतो. हा आकडा आजच्या मानाने सव्वादोन-अडीच मिनिटांनीच कमी आहे, पण हजार वर्षांपूर्वी सीरियातल्या रक्काच्या उन्हात तो काढणं किती अवघड होतं, ते स्वतः एकदा सूर्याची उंची मोजल्याशिवाय कळत नाही. पुठ्ठ्याचा चतुर्थांश (पाव वर्तुळाचं कोनमापक) आणि ओळंबा हातात दिला, तर दोन शेजाऱ्यांच्या मोजमापात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. मग ‘त्यांनी इतकं बारीक कसं काय मोजलं?’ हा प्रश्न लोक आपणहून विचारतात. त्याचं उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

आमचा एकच नियम: आधी अडचण, मग यंत्र. यंत्र आधी दाखवलं की ते नुसता पितळी दागिना होतं.

४. अ‍ॅस्ट्रोलेब म्हणजे काय? त्याने काय करता येतं?

आकाशाचा सपाट, फिरवता येणारा नकाशा आणि कोन मोजायचं साधन, दोन्ही एकाच तबकडीत. खालच्या स्थिर तबकडीवर तुमच्या गावचं क्षितिज आणि उंचीची वर्तुळं कोरलेली असतात. तिच्यावर जाळीदार चकती फिरते. तिची एकेक टोकदार नखी म्हणजे एकेक तारा, कुठे रोहिणी, कुठे स्वाती, कुठे अभिजित. मागच्या बाजूला फिरती पट्टी असते.

समजा, रात्री पूर्वेकडे स्वाती दिसते आहे. यंत्र अंगठीला धरून लोंबतं सोडायचं, पट्टीच्या दोन्ही भोकांतून तारा दिसेपर्यंत पट्टी फिरवायची आणि उंची वाचायची, धरा ३०°. मग पुढच्या बाजूला जाळी फिरवत स्वातीची नखी पूर्वेकडच्या ३०° च्या वर्तुळावर आणायची. आता पूर्ण जाळी त्या क्षणाच्या आकाशासारखी बसली. सूर्य त्या तारखेला राशिचक्रात जिथे आहे ती खूण कडेच्या कोणत्या आकड्यासमोर आली, ते पाहिलं की वेळ मिळाली. लोक सर्वांत जास्त रमतात ते या टेबलावर.

सूर्यासाठी मात्र भोकाला डोळा कधीच लावायचा नाही. वरच्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका खालच्या भोकावर पाडायचा. जुने लोकही असंच करत.

५. शाळेत पुठ्ठ्याचा करता येईल का?

येतो. तबकडी जाड कागदावर छापा, जाळी पारदर्शक शीटवर. मधोमध रिव्हेट किंवा प्रेस-बटण. घोटाळा होतो तो झेरॉक्सच्या दुकानात. कागद ‘फिट टू पेज’ने ९७ टक्क्यांवर निघतो, शीट १०० टक्क्यांवर, मग जाळीवरचं मकरवृत्त तबकडीच्या कडेबाहेर जातं आणि सगळी वाचनं चुकतात. छापायच्या आधी दोन्हींवर १० सेंटिमीटरची रेघ काढून घ्या आणि दुकानातच पट्टीने मोजा.

तबकडी अक्षांशाप्रमाणे बदलते. मुंबईला १९°, पुण्याला साडेअठरा, कोल्हापूरला पावणेसतरा, पणजीला साडेपंधरा. नागपूरकरांची मजा आहे: त्यांचं शहर मक्केच्या जवळजवळ एकाच अक्षांशावर आहे, दोन्ही २१° च्या थोडं वर. जुन्या अ‍ॅस्ट्रोलेबांत मक्केची तबकडी हमखास असायची. ती नागपुरात पुठ्ठ्याच्या यंत्राइतक्या अचूकतेला तशीच चालते.

६. मक्का आपल्या पश्चिमेला आहे. मग किब्ला (नमाजात तोंड करायची, काबाची दिशा) थोडा उत्तरेकडे का दाखवता?

भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे हा गोंधळ होतो. नागपूर घ्या. मक्का त्याच अक्षांशावर, म्हणजे नकाशात अगदी डावीकडे. पण पृथ्वीच्या गोलावर नागपूर ते मक्का दोरा घट्ट ताणलात, तर तो अक्षांशाच्या रेषेवर राहत नाही. आधी वर उत्तरेकडे फुगतो आणि मग खाली उतरतो. नागपूरहून निघताना दोरा पश्चिमेच्या सुमारे ८° उत्तरेला जातो, मुंबईहून १०°, पणजीहून १५–१६°. सर्वांत जवळचा रस्ता तोच.

प्रदर्शनात मोठा पृथ्वीगोल, दोरा आणि कोनमापक, एवढंच ठेवा. आधी प्रत्येकाला अंदाज कागदावर लिहायला सांगा, मग दोरा द्या. न्यूयॉर्कहून दोरा ताणायला विसरू नका: तिथून तो ईशान्येकडे निघतो आणि माणसं गोलाभोवती दोन-दोन फेऱ्या मारून खात्री करतात. नवव्या-दहाव्या शतकांपासून गणिती याच कोनासाठी गोलीय त्रिकोणमिती घासूनपुसून घेत होते.

७. होकायंत्र किंवा मोबाइल न वापरता किब्ला काढता येतो का?

हो, तोही वर्षातून दोनदा, अगदी फुकटात. शून्य सावलीचा दिवस तुम्हाला माहीत असेलच. मक्केलाही तो येतो, २७–२८ मे आणि १५–१६ जुलैच्या सुमारास. त्या क्षणी सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे सूर्य दिसत असलेल्या कुठल्याही गावात सूर्याची दिशा हाच किब्ला. भारतीय वेळेने मेमध्ये दुपारी सुमारे २:४८, जुलैमध्ये सुमारे २:५७. ओळंबा टांगा, सावलीवर खडूने रेघ मारा. सावलीच्या टोकाकडून ओळंब्याकडे जाणारी दिशा म्हणजे किब्ला. जुलैत कोकणात ऊन मिळायची आशा धरू नका, मेचाच मुहूर्त गाठा.

मोबाइलबद्दल: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत सध्या एक अंशाचाही फरक नाही. पण लोखंडी सळयांच्या स्लॅबवर आणि पत्र्याच्या मंडपात मोबाइलचं होकायंत्र वाटेल ते दाखवतं. उघड्या मैदानात बघा.

८. आमच्या गावची जुनी मशीद तुमच्या दोऱ्याशी जुळत नाही. ती चुकीची बांधली आहे का?

हा निवाडा प्रदर्शनाने करायचा नाही, आणि तो इतिहासालाही धरून होणार नाही. दिशा ठरवायच्या रीती अनेक होत्या: कुणी ताऱ्याच्या उदयास्तावरून, कुणी प्रवासाच्या वाटेवरून, कुणी गणिताने. साधारण दिशा धरली तरी पुरे, असं मानणारे धर्मशास्त्रीही (फकीह) बरेच. स्पेनमधली कॉर्दोबाची प्रसिद्ध मशीदही गणिताच्या दिशेपासून चांगलीच दक्षिणेकडे वळलेली आहे. प्रश्न ६ मधला दोरा एका प्रश्नाचं भूमितीय उत्तर देतो, बस्स.

९. दोन मशिदींत असरची (दुपारनंतरच्या नमाजाची) वेळ वेगळी का? एक जण चुकतोय का?

कुणीच चुकत नाही. मुंबई-कोकणातून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, कारण कोकणी मुसलमान शाफई आणि राज्यातले बाकीचे बरेचसे हनफी, या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. दोन्हींची वेळ सावलीवरून ठरते. मध्यान्हीच्या सावलीत वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की शाफई असर सुरू. उंचीच्या दुपटीएवढी पडली की हनफी. मुंबईत हा फरक डिसेंबरात पाऊण तासाचा, जूनमध्ये सव्वा तासाचा होतो.

मैदानात ३० सेंटिमीटरची काठी उभी करा. मध्यान्हीच्या सावलीच्या टोकाशी खिळा ठोका. मध्यान्हीच्या सावलीपेक्षा ३० आणि ६० सेंटिमीटरने लांब अशा त्रिज्यांची दोन वर्तुळं काठीभोवती आखा आणि टोक कधी ओलांडतं ते बघत बसा. दमिश्कच्या उमय्या मशिदीचा वेळ-अधिकारी इब्न अल-शातिर याने १३७१ मध्ये मिनारासाठी जी संगमरवरी सूर्यघडी केली, तिचा उद्योग मुळात हाच.

एक अपवाद लक्षात ठेवा. मुंबईत मेच्या मध्यात मध्यान्हीची सावली शून्य असते आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत ती दक्षिणेला पडते. त्या काळात आखणी केली तर खिळा काठीच्या दुसऱ्या बाजूला येईल. तो तिथेच हवा.

१०. गणित इतकं पक्कं आहे, तर ईदची तारीख आधीच का सांगत नाही?

अमावास्येचा क्षण सेकंदापर्यंत सांगता येतो. कोर *दिसेल का*, हा प्रश्न निराळा. चंद्र सूर्यापासून सुमारे ७° च्या आत असेल, तर कोर बनतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यापुढेही संधिप्रकाश, धूळ, ढग आणि बघणाऱ्याचे डोळे आहेत. नुसत्या डोळ्यांच्या विक्रमी नोंदीसुद्धा अमावास्येनंतर १५ तासांच्या आसपास थांबतात. नवव्या शतकातल्या गणिती अल-ख्वारिझ्मीच्या काळापासून याची कोष्टकं करायचा प्रयत्न चालू आहे.

चंद्रकोर उद्या संध्याकाळी मुंबईत दिसेल की फक्त पश्चिमेकडच्या देशांत, हे ‘शक्य’, ‘अशक्य’ आणि ‘सांगता येत नाही’ अशा तीन पट्ट्यांत नकाशावर दाखवता येतं. खरी गोष्ट तिसऱ्या पट्टीत आहे. तारीख जाहीर करणं हे रुयत-ए-हिलाल कमिटीचं काम; आमच्या टेबलावरून कुणीही तारीख सांगत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

११. रमजान दरवर्षी अकरा दिवस आधी येतो. आपल्यासारखा अधिक महिना का घालत नाहीत?

हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. पंचांगात अधिक मास घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात. हिजरीत अधिक मास निषिद्ध आहे, त्यामुळे रमजान साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दोन एकात एक चकत्या, एकीवर पंचांगाचे महिने आणि दुसरीवर हिजरीचे, एवढं ठेवलं की पुरे. महिन्याची पहिली तारीख बहुधा शुद्ध द्वितीयेच्या आसपास का येते, ते लोक स्वतःच शोधतात.

१२. समरकंदचं यंत्र एवढं अवाढव्य कशाला?

समरकंदचा राज्यकर्ता उलुग बेग याच्या वेधशाळेतला दगडी कंस सुमारे ४० मीटर त्रिज्येचा होता. १९०८ मध्ये उत्खननात त्याचा जमिनीखालचा भाग सापडला. आजही खंदकात उतरलेला तो वक्र बघायला मिळतो. कारण मैदानावर पाच मिनिटांत कळतं. ४० मीटर दोरी ताणा, एका टोकाला एक मूल उभं करा, दुसरं टोक घेऊन कंसावर चाला. एक अंश म्हणजे ७० सेंटिमीटर, एक मोठं पाऊल. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, तोही सेंटिमीटरभर रुंद. आता प्रश्न ३ मधला पुठ्ठ्याचा चतुर्थांश घ्या: १५ सेंटिमीटर त्रिज्येवर अख्खा अंश अडीच मिलिमीटरचा. त्यावर कला कुठे आखणार?

या वेधशाळेची १०१८ ताऱ्यांची यादी १४३७ ची. जयपूरच्या जंतरमंतरातलं २७ मीटर उंच सम्राट यंत्र याच विचारातून आलं. तिथे सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. बोट ठेवलं तर सावली बोटावर चढताना दिसते.

१३. अल-बिरूनीसारखी पृथ्वीची त्रिज्या आम्ही किल्ल्यावरून मोजू का?

पद्धत शिकण्यासाठी, हो. बिरूनीने आजच्या पाकिस्तानातल्या नंदनाच्या किल्ल्याजवळ डोंगराची उंची काढली आणि माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकतं ते मोजलं: सुमारे ३४ कला. उत्तराची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. शंभर मीटर उंचीच्या समुद्रकाठच्या किल्ल्यावरून हा झुकाव जेमतेम १९ कला, म्हणजे तिसरा हिस्सा अंश. पुठ्ठ्याचं यंत्र तिथे आंधळं, शिवाय हवेतलं वक्रीभवन आकडा आणखी बिघडवतं. सह्याद्रीच्या आतल्या किल्ल्यावरून तर नकोच, समोर सपाट क्षितिजच नसतं.

१४. कोपर्निकसने हे सगळं चोरलं, असं फलकावर लिहावं का?

नका लिहू. नसीरुद्दीन तूसीने (मरागा वेधशाळा, १२५९) दाखवलं की दुप्पट त्रिज्येच्या वर्तुळाच्या आतून छोटं वर्तुळ घरंगळलं, तर त्याच्या कडेवरचा बिंदू सरळ रेषेत मागेपुढे जातो. प्लायवूडची कडी, आत दातेरी चकती आणि भोकात पेन्सिल, एवढ्यावर हे दाखवता येतं. सरळ रेघ उमटते तेव्हा मोठी माणसंही पुन्हा करून बघतात. हीच रचना कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात आहे, आणि त्याचं चंद्राचं प्रतिमान इब्न अल-शातिरच्या प्रतिमानाशी जुळतं. ते त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेलं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तेवढंच लिहा. आणि सूर्य मध्यभागी नेला तो कोपर्निकसने, हेही.

‘पहिला शोध आमचा’ छापाचे फलक आम्ही ठेवत नाही, मग ‘आमचा’ म्हणणारे कुणीही असोत.

१५. गझालीनंतर सगळं थांबलं, हे खरं ना?

धर्मपंडित गझाली ११११ मध्ये वारला. प्रश्न १२ आणि १४ मधली सगळी नावं त्याच्या नंतरची. एक कालपट्टी जमिनीवर आखा आणि मुलांना नावांची कार्डं ठेवायला सांगा, काम झालं.

१६. या यंत्रांवर कुंडल्याही काढत. ते लपवायचं का?

लपवू नका. दरबारांनी वेधशाळांना पैसा दिला, त्यात फलज्योतिषाचा मोठा हात होता. बिरूनीने १०२९ मध्ये लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातही फलज्योतिष शिकवलं आहे. ‘हे करत असत’ एवढं सांगा; टेबलावर कुणाची पत्रिका मात्र मांडू नका, मागणारे भेटतातच.

१७. यात आपला काय संबंध?

भरपूर. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्र सूरी या जैन आचार्याने १३७० मध्ये अ‍ॅस्ट्रोलेबवर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. लाहोरच्या उस्ताद अल्लाहदादच्या घराण्याने मुघल काळात पिढ्यानपिढ्या ही यंत्रं घडवली. जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगाची कोष्टकं फारसीत आहेत, मुघल बादशाह मुहम्मदशाहच्या नावाने; आणि त्याच्याच पदरी जगन्नाथ पंडिताने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवलं आहे की, फिरोजशाह बहमनीने १४०७ मध्ये दौलताबादजवळ बालाघाटावर वेधशाळा बांधायला घेतली आणि तिचा ज्योतिर्विद वारल्याने काम अर्धवट राहिलं. नकाशावर बाण काढून ‘इथेच’ असं मात्र दाखवू नका. फलक लावा, बाण नको.

१८. नेटवरची सुंदर जुनी चित्रं फलकासाठी घेतली तर?

जपून. दुर्बिणीसारखं काहीतरी धरून बसलेले फेटेवाले विद्वान बहुतेकदा इस्तंबूलच्या बाजारात पर्यटकांसाठी अलीकडे रंगवलेले असतात. जुन्या ग्रंथाचं पान फाडून त्यावर चित्र काढतात, म्हणून कागद खरा वाटतो. चित्राचं हस्तलिखित आणि ग्रंथालय सांगता येत नसेल तर ते घेऊच नका. तकीउद्दीनच्या इस्तंबूल वेधशाळेचं, यंत्रांभोवती दाटीने बसलेल्या माणसांचं चित्र अस्सल आहे. ते काढलं जात होतं त्याच सुमारास, १५८० मध्ये, वेधशाळा पाडली गेली.

१९. खरी यंत्रं कुठे बघायला मिळतील?

जवळ म्हणजे जयपूर आणि दिल्लीची जंतरमंतर. जयपूरला सकाळी कोवळ्या उन्हात जा, सावल्या ठळक पडतात. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: ऑक्सफर्डच्या विज्ञान इतिहास संग्रहालयात अ‍ॅस्ट्रोलेबांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे, त्यात इस्फहानचं १२२१–२२ चं दातेरी चाकांचं यंत्रही. आखातात असाल तर दोह्याचं इस्लामी कला संग्रहालय, शिकागोत अ‍ॅडलर तारांगण. इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत फुआत सेझगिन यांनी २००८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय प्रतिकृतींचं आहे, पण प्रदर्शन मांडणाऱ्याने आधी तेच बघावं. नाहीशी झालेली यंत्रं ग्रंथातल्या वर्णनावरून पुन्हा कशी उभी करता येतात, ते तिथे कळतं.

२०. प्रदर्शनासाठी जागा, वय, वेळ?

दहा वर्षांपुढचं कुणीही. उघडं मैदान हवंच, नाहीतर ९ आणि १२ गाळा. दृष्टिहीनांसाठी जाळी आणि तबकडीवरच्या रेघा सुतळी चिकटवून उठावदार करा. अ‍ॅस्ट्रोलेब बोटांनी वाचता येतो. पावसाळ्यात ६, ११ आणि १४ ही टेबलं आत मांडता येतात. असरची काठी मात्र सकाळी अकरालाच रोवा, बाराला आलात तर मध्यान्ह जुळवायची धावपळ होते: मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात सरासरी बारा अडतीसच्या आसपास, आणि ऋतूप्रमाणे पंधरा मिनिटं मागेपुढे.